तुरटी फिरवलेलं तळं

आमच्या घरी फिश टँक आहे. सुरुवातीला त्यात मासे सोडून सगळं होतं.

म्हणजे वाळू होती, एक वाकडं लाकूड होतं आणि हौसेने लावलेली पाणवनस्पतींची रोपं होती. मी घरून काम करते, म्हणून टँक माझ्या टेबलावर, लॅपटॉपच्या मागे ठेवला होता. लाइट लावला की पानांच्या कडांवर बारीक बुडबुडे यायचे, सुटायचे आणि सावकाश वर जायचे. त्यांच्याबरोबर मीही जायचे. (आईने चहासाठी हाक मारली की परत यायचे.)

ऑफिसमधली केतकी महिन्याभरात बदली होऊन बेंगळुरूला चालली होती. माझे गप्पी मासे कुणी सांभाळेल का, असं तिने टीमच्या ग्रुपवर विचारलं. मी ग्रुपवर कधीच काही लिहीत नाही. त्या दिवशी मात्र टँकचा पहिल्या दिवसाचा फोटो टाकला आणि फोन लगेच पालथा घातला. तिचं उत्तर आलं, "किती नितळ पाणी! रविवारी घेऊन येते."

माझ्याकडे कुणी मैत्रीण येणार, ही आमच्या घरात घटना होती. शाळेपासून मी कुणाला घरी आणलंच नव्हतं. आईने पडदे धुवायला काढले.

आणि पाणी तर हिरवं व्हायला लागलं होतं.

आधी नुसती झाक होती. छान वाटायची, धुक्यातल्या झाडीसारखी. मग काचेवर मखमल चढली, लाकडाला दाढी आली, आणि एके दिवशी टँकच्या पलीकडची भिंत दिसेनाशी झाली. मी घरात कुणाला काही बोलले नाही. नेटवर शेवाळाबद्दल वाचत राहिले. टँकसमोरच बसून, अर्थात. लाइट लावून.

न बोलण्याचा तोटा असा, की मग घरचे आपापला तपास करतात. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, पण अजूनही समोरची कुठलीही वस्तू मंजुरीसाठी आल्यासारखी बघतात. त्यांनी चष्मा वर करून निकाल दिला, की दोष टँकरच्या पाण्याचा. येरवडा सोडून आम्ही वाघोलीला आलो तेव्हापासून डाळ न शिजणं, केस गळणं आणि माझं कमी बोलणं, सगळ्याला तेच पाणी कारण आहे. शनिवारी सकाळी ते स्कूटर काढून येरवड्याला आत्याकडे गेले.

तेवढ्यात आईने तिचा इलाज केला. टँकरचं पाणी भरलं की पिंपात तुरटी फिरवायची, हे आमच्या सोसायटीत घरोघरी चालतं. मी अंघोळीला गेलेली बघून तिने टँकमध्ये तुरटी फिरवली. कोपरापर्यंत हात घालून, मनापासून.

मी बाहेर आले तर टँकमध्ये बर्फ पडत होता. हिरवा! पाण्यातला सगळा हिरवेपणा कापसासारखा गोळा होऊन एकेका पानावर अलगद उतरत होता. वर आभाळ मोकळं होत होतं, खाली रान बुडत होतं. इतकं सुंदर, की मला ओरडायचं सुचलंच नाही. बाबाही पाण्याचा कॅन घेऊन आले आणि दारातच उभे राहिले.

"बसलं बघ सगळं खाली," आई म्हणाली.

"आई, तुरटीच्या पाण्यात मासे नाही सोडता येत गं."

"मग आधी सांगायचंस. तू सांगतेस कुठे काही?"

मी बादली आणायला गेले. उरलेला शनिवार आम्ही टँक उपसण्यात घालवला. पाइप तोंडाने ओढताना बाबांच्या पोटात घोटभर पाणी गेलं. "टँकरचंच आहे," ते चव घेऊन म्हणाले. मग त्यांनी कॅनमधलं आत्याच्या नळाचं पाणी असं ओतलं, जणू माहेरची माणसं आली होती. एका कॅनने वाळूच भिजली. बाबांच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा घरात नक्की काय चाललंय म्हणून आत्याचा फोन आला.

रविवारी केतकी आली, हातात माशांची बरणी. पाणी आरशासारखं होतं. तिने मात्र कोपऱ्यात चिकटून राहिलेलं शेवाळ पाहिलं.

"लाइट किती वेळ चालू असतो गं?"

"थोडाच वेळ," मी म्हणाले.

"उठल्यापासून झोपेपर्यंत," आई म्हणाली. "मीटिंगमध्येसुद्धा तिकडेच बघत असते ती."

"मग शेवाळ येणारच की."

"म्हणजे पाण्याचा काही दोष नाही?" बाबांनी विचारलं. ते खरंच दुखावले होते.

केतकी एकदा टँककडे, एकदा माझ्या खुर्चीकडे बघत होती. "थांब. म्हणजे तुझ्या चेहऱ्यावरचा तो हिरवट रंग या टँकचा होता? आम्हाला वाटायचं, तुला बरं नसतं. सर म्हणतात, तिला फार काम देऊ नका."

नवं पाणी आठवडाभर मुरू दे म्हणून ती बरणी परत घेऊन गेली. पुढच्या रविवारी मासे आले. त्याच्या पुढच्या रविवारी ती नुसतीच चहाला आली. पाणी आता नितळ आहे आणि लाइट ठरल्या वेळी आपोआप बंद होतो. परवाच्या मीटिंगमध्ये सरांनी माझी तब्येत सुधारल्याबद्दल सगळ्यांसमोर आनंद व्यक्त केला आणि एक नवीन प्रोजेक्ट माझ्या गळ्यात घातलं. ते काय म्हणाले ते मी शब्दन् शब्द ऐकलं. टँकमध्ये अंधार होता, बघायला दुसरं काही नव्हतं!