मैद्याची खळ

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात खळ शिजवायचं काम माझं. तीस वर्षं झाली. मैदा, पाणी, चिमूटभर तुरटी, आणि ढवळता हात थांबवायचा नाही. खळीत गुठळी सापडली तर मला मावशी म्हणू नका, असा आपला खाक्या.

समोरच्या टेबलावर ती. अंगाने इतकी बारीक की मीच तिचं नाव सुतळी पाडलं. सकाळी छापील कागदांच्या घड्या दोऱ्याने शिवायच्या, पुठ्ठे चिकटवायचे, आणि दुपारी कटिंग मशीन. त्या मशीनवर आमच्याकडे उभी राहिलेली ती पहिली बाई. त्याचा तिला कोण अभिमान!

चार वर्षांपूर्वी तिला सीलिॲक निघाला, म्हणजे गव्हातला चिकटा आतड्याला न सोसणारा आजार. गहू, मैदा, रवा, जव, सगळं बंद. तिने ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. डबा वेगळा, चमचा वेगळा. कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की ही हात मागे बांधून उभी. मी चिडवायचे, "बाई गं, नाकही बंद कर, वास जाईल पोटात!" ती बिचारी हसायची.

पण त्या आजाराने येणारी चक्कर काही जाईना. रक्त कमी, गोळ्या अंगी लागत नाहीत. मग तिने आपले मार्ग काढले. उठताना आधी टेबल धरायचं, दहा अंक मोजायचे, मग पाऊल टाकायचं. भोवळ आली की सरळ जमिनीवर आडवं व्हायचं, लाजायचं नाही. डॉक्टर विचारायचे, "चुकून कुठून गहू जातोय का पोटात?" ती शपथेवर नाही म्हणायची. शेवटी मालकांनी बजावलं, "पात्याजवळ चक्कर नको. आणखी एकदा झालं की मशीन सोडायचं."

एका सकाळी ती माझ्या पुढ्यातच कोसळली. डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजायला गेले, तर ओठाच्या कडेला पांढरी खपली. नखाने काढली. माझीच खळ, मी ओळखणार नाही होय! बोटं खळीने भरलेली, त्याच बोटांनी दोऱ्याचं टोक ओठात धरायचं, कागद मोजताना तेच बोट जिभेला लावायचं. आम्ही सगळेच करतो. खळ काय खायची वस्तू आहे? म्हणून ना तिच्या डोक्यात आलं, ना डॉक्टरांच्या कानावर गेलं.

ती खपली मी पदराला पुसून टाकली. आणि खोटं कशाला बोलू, मी गप्प बसले.

मालक बाहेरगावी होते. तिसऱ्या दिवशी आले, त्यांना कळलं, आणि त्यांनी तिला मशीनवरून काढलं.  तिने मशीन स्वच्छ पुसलं, एप्रन काढून घडी घातली. ते बघून मला राहवेना.

"काढायचं तर मला काढा!" मी ओरडलेच. "चार वर्षं मीच मैदा चारतेय तिला!"

मालकांनी तिला बरं व्हायला तीन महिने दिले. मैदा कारखान्याबाहेर गेला, बोटं भिजवायला टेबलावर ओला स्पंज आला. मी तांदळाच्या पिठाची खळ करायला बसले. पहिलं पातेलं नुसतं पाणी, दुसरं दगड. तिसऱ्याने शंभर पुस्तकांचे पुठ्ठे गळून पडले आणि मालकांनी कपाळाला हात लावला. चौथं जमलं.

हळूहळू तिचं रक्त वाढलं. चक्कर अगदीच गेली असं नाही, पण महिन्यातून एखादी, तीही ओझरती. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी मशीनवर जायला लेखी परवानगी दिली. त्या दिवशी ती मला बरोबर घेऊन गेली होती. "ह्याच त्या मावशी," डॉक्टरांना म्हणाली, "यांच्यामुळे मी उभी आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर रस्त्यावर आल्यावर सांगून टाकलं. "खपली दिसली तेव्हाच मला कळलं होतं गं. माझ्या खळीला नावं ठेवतील म्हणून दोन दिवस तोंड उघडलं नाही."

ती थबकली. माझा हात तिच्या हातात होता. वाटलं, आता सोडणार.

"दोनच दिवस ना?" ती म्हणाली. "मी तर मावशी, ही चक्कर आता जन्मभराचीच, असं धरून चालले होते."

हात तिने सोडला नाही. मी भर रस्त्यात रडले, आणि देवाच्याही आधी तिचे आभार मानले.