गाठीवरचा आरसा

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत कसब्यातल्या आळीला एकच घोर लागला होता. बायको जाऊन सहा महिने झालेला यज्ञेश्वर कासार रोज दिवेलागणीला माडीवर चढून बघतो तरी कुणाला?

बघत होता तो पर्वतीवरचा दिवा. दिगंबरशास्त्र्यांच्या दुर्बिणीतला काशाचा आरसा काळवंडला, तो उजळायला त्याच्याकडे आला होता. आरसा ताटलीएवढा, पण पापडासारखा पातळ. खाली जिथे आधार नाही तिथे बोटाच्या दाबानेही वाकायचा. राळेत बसवला, तर राळ आळताना त्यालाच ओढून वाकडा करी. शेवटी यज्ञेश्वराने बायकोने, आनंदीने, शिवलेली गोधडी चौघडी करून पाटावर घातली आणि आरसा तिच्यावर निजवला. मऊ, सगळीकडून सारखा आधार.

सारखा, एक जागा सोडून. गोधडीचे टाके कडेपासून फिरत मधे येतात, तिथे शेवटची गाठ. आनंदीने ती मारली आणि अंथरूण धरलं ते धरलंच. नेमकी ती गाठ आरशाच्या कडेखाली आली.

पहिल्या दिवशी घासण्याच्या नादात आरसा फिरवायचा राहिला. संध्याकाळी दुर्बिणीच्या नळीत घालून पर्वतीच्या दिव्याकडे पाहिलं, तर ज्योती दोन. एक ठसठशीत. दुसरी फिकट, डावीकडे, अर्धं पाऊल मागे. देवाला जाताना आनंदी अशीच चालायची.

गाठीवरची जागा जास्त झिजते, हे कासाराला कुणी सांगायला नको. वीस हात मारले की आरसा बोटभर फिरवायचा, म्हणजे खोट एका जागी साचत नाही. यज्ञेश्वराने फिरवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ज्योत ठळक होत गेली. आठव्या दिवशी तो तिला सांगत होता, आज भाकरी करपली म्हणून.

शेजारच्या बायडाबाईने जिन्यातून हटकलं, "काय भाऊजी, स्वर्गात आज काय शिजतंय?"

"वर या. बघा."

गंमत करायला आलेल्या बाईने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. "दोन आहेत," ती हळूच म्हणाली.

"मला वाटलं, मलाच दिसतात."

"शास्त्रीबुवांना गुरूचे चार चंद्र बघायचेत. तुम्ही आठ दाखवाल, ते बिचारे लिहून ठेवतील."

"फिरवला की जाईल ती."

"आणि न फिरवता दिलात तर? माहेरी चार दिवस न टिकलेली बाई, परक्याच्या नळीत नांदेल?"

यज्ञेश्वराने नळीतून आरसा काढला. सकाळपासून तो वीस हात मोजू लागला. वीस हात, बोटभर फिरव. पहिल्या संध्याकाळी ज्योत धुरकटली. तिसऱ्या संध्याकाळी पर्वतीवर दिवा एकटाच होता.

शास्त्री आले, बघून खूश झाले. "निर्मळ. एकच ज्योत."

"बाजूला काही?"

"काही नाही."

"पुन्हा बघा."

शास्त्र्यांनी त्याच्या समाधानासाठी पुन्हा बघितलं आणि मान हलवली. यज्ञेश्वराने नळी धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या हाती दिली.

"दवात उघडी ठेवू नका," तो म्हणाला. "तिला गारठा सोसत नाही."

"दुर्बिणीला?" शास्त्र्यांनी विचारलं.

तोवर तो अर्धा जिना उतरला होता.