शांतता राखा

संग्रहालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि तिच्याच खालच्या स्टुलावर सुरतमधला सगळ्यात मोठा आवाज बसलेला असे. त्या आवाजाचे धनी आप्पा. मूळचे अमळनेरकडचे. बमरोलीच्या कारखान्यात बारा वर्षं यंत्रमाग चालवून इथे शिपाई म्हणून रोजंदारीवर लागलेले. मागांच्या खडखडाटात माणसं कानाशी तोंड नेऊन ओरडतात. आप्पांची ती सवय सुटली नव्हती आणि ऐकूही कमी येत होतं. ‘‘लूमनी मना कान खाई टाकात,’’ असं ते सांगत, तेसुद्धा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

मी तेव्हा एका मराठी वर्तमानपत्राचा सुरतचा बातमीदार होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात. पांडेसरा-उधन्याच्या कामगारवस्त्यांतल्या बातम्या संपल्या की दुपारी संग्रहालयात जाऊन बसायचो, कारण तिथे पंखा होता.

आप्पा दालनात फिरताना दोन्ही हात पाठीमागे बांधत. शाळेची मुलं आली की आधी स्वतःचे बांधलेले हात दाखवायचे. ‘‘बघा, मी रोज येतो, तरी बांधतो. तुम्ही तर आजच आलात!’’ मुलं हसत आणि हात बांधत. खापरांच्या कपाटापाशी एकदा एका बाईंनी विचारलं, ‘‘सगळं फुटकंच कसं हो?’’ आप्पा म्हणाले, ‘‘फुटलं म्हणून राहिलं, ताई. धड असतं तर वापरून संपलं असतं.’’ हे वाक्य मी पुढे दोन लेखांत वापरलं, नाव न देता.

कोपऱ्यात एक वीरगळ होता. गुजरातीत त्याला पाळियो म्हणतात. घोड्यावर बसलेला माणूस, वर चंद्रसूर्य. गावची गुरं सोडवताना पडलेल्या कुणाचा तरी. काळी चौदसला, म्हणजे आपल्या नरक चतुर्दशीला, पाळियाला शेंदूर लावतात. आप्पा लागले त्याच वर्षी त्या दिवशी पलसाण्याकडच्या गावची एक म्हातारी शेंदराची वाटी घेऊन आली. आप्पांनी अडवलं. ती भांडली नाही. ‘‘मारा घरनो माणस छे, भाई,’’ एवढंच म्हणाली.

‘‘तुझ्या घरचा आहे बा, पण आता सरकारकडे कामाला आहे,’’ आप्पा म्हणाले. ती भरली वाटी तशीच घेऊन निघाली, तेव्हा मागून ओरडले, ‘‘पुढच्या वर्षी तुझ्या बांधावरचा एक दगड घेऊन ये!’’

पुढच्या वर्षी ती दगड घेऊन आली. त्या दिवशी मी रविवारच्या पुरवणीसाठी नाण्यांची माहिती उतरवत होतो. आप्पांनी वीरगळासमोर वर्तमानपत्र पसरलं, आमचंच. त्यावर तो ओबडधोबड दगड ठेवला. काम गुपचूप व्हायला हवं होतं. वस्तूला काही लागलं तर आप्पांची नोकरी जाणार होती आणि त्यांना कायम करण्याची फाइल संग्रहालयाच्या प्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या, टेबलावर होती. म्हातारीचा हात उचलला गेला आणि आप्पांच्या तोंडून त्यांच्या नेहमीच्या आवाजात निघालं, ‘‘बा, आ पथ्थरने ज! पेलाने नहीं!’’ आजी, ह्याच दगडाला, त्याला नाही.

सारं दालन घुमलं. साहेबांचं दार दहा पावलांवर होतं, अर्धं उघडं. साहेब इतकं हळू बोलणारे, की त्यांच्यासमोर माणूस आपोआप पुढे वाकायचा. आम्ही तिघंही दाराकडे पाहत राहिलो. दार आतून बंद झालं.

म्हातारी गेल्यावर आप्पांनी वीरगळाची पाहणी केली. डाग नव्हता. शेंदराचा दगड स्टुलाखाली सरकवत म्हणाले, ‘‘पेपरात देणार असाल तर द्या भाऊ. पण मूळ दगडाला बोट लागलेलं नाही, हेही लिहा.’’

ती बातमी होती. मी दिली नाही.

महिनाभर आप्पा बोलावण्याची वाट पाहत होते. बोलावणं आलं ते कायम झाल्याचा कागद घ्यायला. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि पुन्हा लिहू लागले. ‘‘वाचलो,’’ आप्पा मला म्हणाले. ‘‘साहेब लिहिण्यात असतात, त्यांना ऐकू गेलं नाही.’’ त्यानंतर दर काळी चौदसला दगड बाहेर निघे, आप्पा ओरडत आणि साहेबांचं दार बंद असे. आप्पांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

दशक संपता संपता ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी हात पाठीमागे बांधून एक फेरी मारली, स्टूल पुसलं आणि अमळनेरला गेले. पेढे वाटताना साहेबांना म्हणाले, ‘‘काही चुकलं असेल तर माफ करा.’’ साहेबांनी पेढा घेतला.

त्या वर्षी काळी चौदसला मी मुद्दाम गेलो. स्टुलावर नवा शिपाई होता, मृदू आवाजाचा. म्हातारी आली, वाटी हातात. आप्पा दिसेनात, तशी दारातच थबकली. नवा शिपाई अडवायला उठला, इतक्यात साहेब खोलीतून बाहेर आले. त्यांच्या काखेत वर्तमानपत्र होतं. त्यांनी ते वीरगळासमोर पसरलं, वाकून स्टुलाखालचा दगड काढला, त्यावर ठेवला. मग दोन पावलं मागे सरून, हात पाठीमागे बांधून, त्या हळू बोलणाऱ्या माणसाने सारं दालन घुमेल असा आवाज काढला, ‘‘बा, आ पथ्थरने ज! पेलाने नहीं!’’