आपलीच साइट आहे, दाबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्यात तशी लपवाछपवी नसते — माझ्या कॉलेजातल्या भानगडीसुद्धा तिला ठाऊक आहेत — पण मधूकाकांचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हाही भित्रेपणाच? असेल.

मी लहानसहान वेबसाइट बनवतो. दादरचा एखादा क्लास, गिरगावातला फोटोग्राफर, अशी माझी गिऱ्हाइकं, बरीचशी गाववाल्यांच्या ओळखीतून आलेली. आणि फुकटात, म्हणजे सेवा म्हणून, आमच्या गावाच्या मंडळाची साइट. लालबाग-परळमध्ये कोकणातल्या गावांची अशी मंडळं अजून आहेत. गणपतीला गावी जायची बस मंडळ ठरवतं, नावं साइटवर भरायची. खजिनदार होते मधूकाका. गिरणी बंद पडल्यावर एका दुकानात हिशेब लिहून त्यांनी संसार रेटला. पैसे मधूकाकांकडे आहेत म्हटल्यावर मंडळात कोणी पुढचा प्रश्न विचारत नसे.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. तुम्ही एखादी साइट उघडता तेव्हा ती खरीच त्या माणसांची आहे, मधे कोणी कान लावून बसलेलं नाही, याची हमी देणारं एक सर्टिफिकेट लागतं. फुकट मिळतं, पण मुदतीचं असतं. दर काही महिन्यांनी नवं करावं लागतं. ते आपोआप होण्याचीही सोय आहे. मंडळाची साइट मी दुसऱ्या सर्व्हरवर हलवली तेव्हा ती सोय लावायची राहिली. राहिली म्हणजे — नाही, खरं सांगतो. आठवण होती, लावली नाही. पैसे देणाऱ्यांचं काम आधी, मंडळाचं काय, करू उद्या.

मुदत संपली ती नेमकी बसची नावं भरायच्या दिवसांत. मी हिंदमाताच्या एका दुकानात, बहिणीच्या लग्नाच्या साड्यांच्या ढिगात बसलेलो, आणि फोनवर फोन. काकांचाही आला. "अरे, ह्यां तांबडां कायतां इलां? धोको आसा म्हणता."

बघा — त्यांनी काही दाबलं नव्हतं. थांबले होते. विचारत होते. लोकांनी असं थांबावं म्हणून आमच्या धंद्यातली माणसं डोकं फोडून घेतात. आणि मी काय केलं? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसत हसत माझ्या आवाजातला मेसेज टाकला: घाबरू नका, 'ॲडव्हान्स्ड'वर जा, खाली बारीक अक्षरात 'पुढे जा' असं असतं, ते दाबा. आपलीच साइट आहे, दाबा.

सर्टिफिकेट नवं करायचं काम तासाभराचंही नव्हतं. पण लोक दाबायला लागले, नावं भरली गेली, आणि माझी घाई संपली. गणपती गेले, नवरात्र गेलं. काका वर्गणी बघायला रोज साइट उघडायचे. रोज तो इशारा, रोज त्यांचा अंगठा. एकदा खुशीत म्हणाले, "आता माका जमता हां." मी शाबासकीही दिली. दिवाळीच्या आधी कधीतरी सर्टिफिकेट नवं केलं. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे थंडीत काकांना वीजबिलाचा एक मेसेज आला, खोटा. लिंक उघडली तर फोनने अडवलं — धोका आहे, पुढे जाऊ नका. काका पुढे गेले, तिथे मागितलेली बँकेची माहिती भरली. गावच्या घराचं छप्पर नवं करायला जमवलेले पैसे गेले.

मी स्वतःशी बरीच वकिली केली. आमच्या साइटवरचा इशारा वेगळा, पांढऱ्या पानावर लाल त्रिकोण. त्यांना आला तो वेगळा, आख्खं पान लाल. कारणंही वेगळी. हा फरक मला कळतो हो. काकांना तो कोणी शिकवला होता? मी तर उलटंच शिकवून ठेवलं होतं.

इथवर सगळं आळसावर ढकलता येईल. पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

परळला एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची सभा होती. काकांचे पैसे गेल्याचा विषय निघालाच. अध्यक्ष म्हणाले, तू ह्यातला माणूस, दोन शब्द सांग. मी उभा राहिलो. आत धाकधूक, कोणाला माझा तो मेसेज आठवला तर? मग आपणच आधी आवाज चढवलेला बरा, नाही का? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. भरल्या सभेत मी काकांकडे वळलो. "काका, फोन स्पष्ट सांगत होता ना धोका आहे म्हणून? मग दाबलंत कशाला?" ढ पोराला मास्तर विचारतो त्या सुरात. मागे कोणीतरी हसलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"माझांच चुकलां," एवढंच म्हणाले.

मग कुजबुज. स्वतःचे सांभाळता आले नाहीत, मंडळाचे काय सांभाळणार? काकांनी त्याच सभेत खजिनदारपद सोडलं. आणि हो — ते मला मिळालं. कॉम्प्युटरमधला माणूस हवा, असं कोणीतरी म्हणालं, टाळ्या पडल्या. मी नको म्हणालो नाही. अजून मीच आहे.

सभा सुटल्यावर काकांनी मला जिन्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "तू सांगितलंस तां मी कोणाक बोलूक नाय हां. गाववाल्यांची कामां गावतत तुका."

म्हणजे त्यांना आठवत होतं. सभेत मी त्यांना उभं-आडवं घेत होतो तेव्हाही आठवत होतं. वर हॉलमध्ये माणसं अजून चहा पीत होती. जिना चढून जायचं आणि खरं काय ते सांगायचं, एवढंच होतं.

कोणी ऐकलं तर नाही ना, हे मी आधी वळून पाहिलं. आणि काकांना म्हणालो, "बरं केलंत."