दुसरं हरीण

अनसिंगात बदरुद्दीन पेंटरचं नाव ब्रशापेक्षा पॉलिश पेपरसाठी जास्त होतं. जुना बोर्ड हाती आला की आधीचा रंग तो पार पत्र्यापर्यंत घासून काढायचा आणि मगच नवं अक्षर टाकायचा. जुन्यावर नवं थापणं म्हणजे अंघोळ न करता अत्तर लावणं, असं त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. चाळीस वर्षांत त्यानं निम्मं गाव रंगवलं, आणि तेच निम्मं गाव दोन-दोनदा घासून कोरंही केलं. इमानदार माणूस, पण या इमानदारीची घमेंडही तेवढीच.

मग फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून काटक्या झाले.

नात इफ्रा वाशीमच्या कॉलेजात शिकते. तिथं गावोगावच्या कलावंतांचं प्रदर्शन भरणार होतं. "दादा, तुमच्या हातचं एक चित्र दाखवा. मी फोटो काढून लावते," ती म्हणाली. म्हातारा हुरळला. दोन दिवस दोघं गावभर फिरले. शाळेची भिंत, सायकलचं दुकान, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं पालथं घातलं. एकही चित्र सापडलं नाही. जे होतं ते बहुतेक त्यानंच घासलेलं. आपण जन्मभर केलं तरी काय, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

एकच भिंत उरली होती, इंद्रभानच्या हॉटेलातली. तिच्यावर त्यानं तेलरंगात पैनगंगेवर पाणी पिणारी दोन हरणं काढली होती. पण तो कारंज्याला लेकीकडं गेला असताना इंद्रभाननं त्याच भिंतीवर भावफलक लिहून घेतला, तोही मदनसिंगकडून. मदनसिंग म्हणजे गावातला दुसरा पेंटर. त्यानं न घासता तेलरंगावर सरळ पाण्याचा रंग मारला होता! "घासाचा आळस, आन् म्हने पेंटर," असं म्हणून बदरुद्दीननं त्याला गावभर हसून घेतलं, बोलणं टाकलं, हॉटेलची पायरी सोडली. शिवाय मदनसिंगनं रंगवलेला बोर्ड हाती आला, की तो दुप्पट जोर लावून घासायचा. मदनसिंग तीन वर्षांपूर्वी वारला, तेव्हा हा मयतीलाही न जाता घरातच बसून राहिला.

आज नातीसाठी तो वीस वर्षांनी हॉटेलात शिरला.

"या पेंटरसाहेब! वाट चुकले काय?" गल्ल्यावरून इंद्रभान म्हणाला.

बदरुद्दीननं भिंतीवर ओला अंगठा घासला. धुरानं पिवळा पडलेला रंग खडूसारखा निघाला. त्यानं बादली आणि फडकं मागितलं. चहा गेला, मिसळ गेली, आलूबोंडा गेला, आणि खालून हरणाचा कान निघाला, मग डोळा, मग पाण्यात टेकलेलं तोंड. एक ओरखडा नव्हता. इफ्रानं टाळी वाजवली.

"पाहा, याले म्हनते पक्कं काम," म्हातारा फुशारला. "आन् त्या कामचोराचं पाहा, पान्यानं जाऊन राह्यलं."

इंद्रभान गल्ल्यामागून बाहेर आला. "कामचोर नोका म्हनू. म्याच सांगतलं होतं त्याले, घासून टाक म्हनून. तो म्हने, बदरूभाईचा हात हाय हा, माह्याच्यानं घासवत नाही. ओल्या फडक्यानं निघंल असाच रंग मारतो, त्याले पायजे तवा तो काढून घेईल."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी पायरी कवा चढले? तो मरस्तोवर इचारे, बदरूभाई आला होता काय?"

बदरुद्दीननं हातातलं फडकं बादलीत पिळलं.

"दादा," इफ्रा म्हणाली, "मदनसिंगदादाच्या हातचं कुठं काही असंल तर त्याचाबी फोटो घेऊ ना."

त्यानं बादलीत पाहिलं. पाणी पांढरट गढूळ झालं होतं. गावातले मदनसिंगचे बोर्ड त्यानं एकेक करून घासले होते, आणि शेवटचं काम आत्ता धुऊन टाकलं होतं. भिंतीवर खालच्या कोपऱ्यात 'भजी' आणि 'दही' एवढंच शिल्लक होतं. अक्षर जरा तिरपं होतं, पण वाईट नव्हतं. त्याच अक्षरांच्या रंगाखाली दुसरं हरीण होतं.

इफ्रानं फडकं मागितलं. त्यानं दिलं नाही.

"राहू दे बेटा," तो म्हणाला. "एवढंच उरलं त्याचं."

इफ्रानं तसाच फोटो काढला. नावं काय लिहू, असं तिनं विचारलं, तर म्हाताऱ्यानं आधी मदनसिंगचं सांगितलं.