खिडकीजवळची कॉट

ती बाई गेली त्या दुपारी वॉर्डात माझी ड्यूटी होती. अक्कलकुव्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी तेव्हा नर्स होते, बायकांच्या वॉर्डात. माझं माहेर सारंगखेड्याच्या अलीकडचं, तापीकाठचं, घरात बोलणं अहिराणी. वॉर्डात मात्र बहुतेक बायका डोंगरातल्या. त्यांची पावरी मला जेमतेम कळायची. वॉर्डातली मावशी त्याच बाजूची होती, ती मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगायची.

बाई साधारण माझ्याच वयाची. धाप लागलेली, पाय सुजून चकाकत होते. गावातून सडकेपर्यंत झोळीत आणि पुढे अँब्युलन्सनं आणलेली. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, सोबत फक्त भाऊ. वारा लागावा म्हणून तिला खिडकीजवळची कॉट दिली. आडवं केलं की तिचा जीव घाबरा व्हायचा, त्यामुळे ती कॉटच्या पायथ्याशी पाय खाली सोडून बसायची. दिवसभर तशीच. खिडकीतून हायवेवरचे ट्रक दिसायचे. ती मला सारखी एकच गोष्ट विचारायची.

"काय म्हणते?" मी मावशीला विचारलं.

"विचारते, डोंगर कोणत्या अंगाला आहे?"

डोंगर होता दवाखान्याच्या पाठीमागं. मी भिंतीकडे हात केला. ती भिंतीकडे बघत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं.

दुपारची जेवणं झाल्यावर मी तिचं बीपी घेत होते. तिनं माझ्या मनगटाला धरलं आणि बसल्या बसल्याच गेली. डॉक्टर धावत आले, जे करायचं ते सगळं केलं, पण उपयोग झाला नाही. नवऱ्याचा फोन लागेना. भाऊ संध्याकाळी तिला घेऊन गेला. आम्ही गादी उन्हात टाकली, फरशी फिनेलनं पुसली, चादर बदलली. असं मरण आम्हाला नवीन नव्हतं.

पुढे त्या कॉटवर धानोऱ्याची एक म्हातारी आली. लेकीकडे आली असताना तापानं पडलेली. तिला आधीचं काहीच माहीत नव्हतं. दुपारी तिनं मला हाक मारली, "बाई, मन्हा पायजोगे कोनतरी बठेल शे. तिले सांग ना, सरक म्हना."

"आजी, कोनी नही शे," मी तिच्या पायाशी बघून म्हटलं.

"शे ना वं. माले पाय लांब करता येत नही."

तापात माणूस बरळतं. मी तिचे पाय सरळ करून दिले. थोड्या वेळानं पाहिलं तर तिनं ते पुन्हा पोटाशी ओढून घेतले होते.

नंतर बाळंतपणाची एक मुलगी त्याच कॉटवर आली, मग जुलाबाची एक बाई. त्याही पाय आखडून झोपायच्या. मुलीनं दुसरी कॉट मागितली. डॉक्टर म्हणाले, कॉटच्या पट्ट्या ढिल्या झाल्या असतील. कॉट बदलून दिली. नवीन कॉटवरही तेच. वॉर्ड भरला तरी बायका त्या जागेऐवजी खाली सतरंजीवर झोपू लागल्या.

एका दुपारी ती कॉट रिकामीच होती. उशीची खोळ बदलता बदलता मी उशाकडे टेकले. सकाळपासून उभी होते. तेवढ्यात पायथ्याकडून गादी दबली. हळूहळू दबली. जड अंगाचं माणूस हाताचा आधार घेत बसतं, तशी. मी बसले होते तिथूनही थोडी त्या बाजूला कलले. आणि मग तो श्वास ऐकू आला. वर ओढलेला, मध्येच अडकलेला. तसा श्वास मी अनेकांचा ऐकलाय, पण हा मला ओळखता आला.

मी पळाले नाही. पळायला पाय हलावे लागतात. तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाई, डॉक्टर येतायत हं."

श्वास थांबला नाही. समोरच्या कॉटवरची बाई पोराला पाजत होती. ती माझ्याकडे बघत होती, पायथ्याकडे बघत होती, आणि तिनं पोराच्या तोंडावर पदर ओढला.

हे मी मावशीशिवाय कोणाला सांगितलं नाही. मावशी म्हणाली, "सिस्टर, तिला कोणी न्यायला आलं नाही ना."

"भाऊ घेऊन गेला की."

"त्यानं अंग नेलं."

होळीच्या आधी डोंगरातली माणसं ऊसतोडीवरून गावी परततात. त्याच दिवसांत तिचा नवरा आला. बारीक, उन्हानं रापलेला. सोबत त्याची बहीण आणि गावचा बडवा, म्हणजे देवाधर्माचं आणि दुखण्याखुपण्याचं बघणारा म्हातारा. नवरा वॉर्डाच्या दारात चपला काढून उभा राहिला. "बाई," तो मोडक्या मराठीत म्हणाला, "घरवालीला न्यायला आलो."

मला वाटलं, याला कोणी सांगितलंच नाही की काय. मी शब्द शोधू लागले, तर तोच म्हणाला, "मेली, माहीत आहे. पण ती इथंच आहे. झोळीत आली, गाडीत आली, झोपून आली. रस्ता बघितला नाही तिनं. एकटी कशी येईल?"

डॉक्टर आधी नाही म्हणाले. दवाखाना आहे, इथं असलं चालणार नाही. नवरा वाद न घालता तिथंच बसून राहिला. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "धूर नको, ढोल नको. लवकर आटपा." आणि ते वॉर्डातच थांबले.

त्या तिघांनी कोणती कॉट म्हणून विचारलं नाही. म्हातारा सरळ खिडकीकडे गेला. कॉटखाली ज्वारीचे दाणे ठेवले, मोहाच्या दारूचे थेंब सोडले, पुटपुटत राहिला. नवरा पायथ्यासमोर उकिडवा बसला आणि बोलू लागला. रडत नव्हता. बाजारातून परतताना बायकोशी बोलावं, तसा बोलत होता. मावशी माझ्या कानाशी सांगत होती, "म्हणतो, उशीर झाला, मुकादमानं सोडलं नाही. म्हणतो, शेळी व्याली. म्हणतो, चल, आता मी पुढे चालतो, तू माझ्या मागं ये."

तो उठला. गादीचा पायथ्याकडचा खळगा वर आला. हे मी पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं असावं, कारण ते चटकन खिडकीबाहेर बघू लागले.

तिघं सावकाश बाहेर निघाले. नवरा दर वळणावर मागं वळून काहीतरी सांगायचा. मावशी म्हणाली, "वाट दाखवतोय. हे दार, हा नळ, हे चिंचेचं झाड." फाटकाबाहेर डोंगराकडे जाणारी जीप उभी होती, माणसं मागं लोंबकळत होती. त्यांनी आत एक जागा धरली आणि ती रिकामी ठेवली. नवऱ्याची बहीण दांडा धरून उभी राहिली, पण त्या जागेवर बसली नाही. लोंबकळणाऱ्यांपैकीही कोणी जागा मागितली नाही.

त्यानंतर ती कॉट बाकीच्या कॉटांसारखी झाली. आठवडाभरातच तिच्यावर एक बाई पाय पसरून घोरत होती.

सुट्टीला माहेरी गेले तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मंग तुन्हा आबाले लेवाले कोन गया?"

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना न्यायला कोणीच गेलं नव्हतं. कोरोनात सुरतच्या एका दवाखान्यात वारले. ऑक्सिजन लावून, गाडीत आडवं ठेवूनच नेलं होतं. अंत्यविधीही तिकडेच झाला. गावी तापीवर दहावं केलं, तेरावं केलं, कावळाही शिवला. मी नर्स, मला तेवढं पुरेसं वाटलं होतं. आईनं तेव्हा काही विचारलं नव्हतं.

मी धाकट्या भावाला घेऊन सुरतला गेले. तो वॉर्ड आता हाडांच्या पेशंटांचा झालाय. आबांची जागा कोणती, ते कोणालाच सांगता येईना. एका नर्सनं गुजरातीत विचारलं, कोणाला भेटायचंय? मीही नर्सच आहे, एवढंच म्हणाले. ती औषधांचा ट्रे घेऊन दुसऱ्या टोकाला निघून गेली.

दोन रांगांच्या मध्ये उभी राहून मी हळूच म्हटलं, "आबा, घर चाला." मला काही ऐकू आलं नाही. गादी दबली नाही, वाराही हलला नाही. भाऊ रडायला लागला. जिना उतरताना मी प्रत्येक वळण मोठ्यानं सांगत होते आणि लोक बघत होते.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर होती. "ऊनात का?" आबा आले का, असं तिनं विचारलं. मला खोटं बोलवेना आणि खरं माहीत नव्हतं. ती माझ्या खांद्याच्या मागं, रस्त्याकडे बघत होती. मग डोक्यावरचा पदर नीट करून ती बाजूला झाली.

आम्ही आत गेल्यावर तिनं दाराला कडी लावली. भाऊ नवलानं बघत राहिला. नंतर त्यानं मला सांगितलं, आबा गेल्यापासून आई दार नुसतं लोटून झोपायची.