ठोकळ्यात उरलेली ताई

कॅन्सरच्या इस्पितळात सगळे त्यांना मेणकाका म्हणत. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, यंत्रावर केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायचे आणि उरलेले ठोकळे कपाटात जपायचे, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. चौदाव्या कपाटाकडे मात्र ते जात नसत. तिथलं काही हवं असलं, की सोबतच्या बाईंना म्हणत, "तेवढं तुम्ही काढा, माझे गुडघे धरलेत."

त्या कपाटात त्यांची थोरली बहीण होती. आतड्याच्या कॅन्सरने ती एकेचाळिसाव्या वर्षी गेली. तिची गाठ त्यांच्याच टेबलावर आली होती आणि नाव वाचूनही त्यांनी हात थांबवला नव्हता. कपाटावरून जाताना ती हाक मारतेय, असं त्यांना अजून वाटे.

एक दिवस तिची मुलगी आली. "मामा, डॉक्टर म्हणाले, आईची गाठ अजून तपासता येईल. एक ठरावीक प्रथिन तिच्यात नसेल, तर आजार घराण्यातून आलेला असू शकतो."

मामांनी स्वतःच चौदावं कपाट उघडलं. मग म्हणाले, "नखाएवढीच उरलीय ती. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

त्यांनी स्वतः काप काढले. काढता काढता पात्याखाली नुसतं पांढरं मेण आलं.

"संपली ताई," ते पुटपुटले.

रंग दिल्यावर आजूबाजूच्या निरोगी पेशी तपकिरी झाल्या, गाठीच्या मात्र फिक्या निळ्याच राहिल्या. प्रथिन नव्हतं. इतर कापांतून जनुकातला नेमका दोषही सापडला. मग तोच दोष आपल्यातही आहे का, हे तपासायला मामा-भाचीनं रक्त दिलं.

भाची सुटली. मामांच्या रक्तात तो दोष निघाला.

ती रडायलाच लागली. "मी उगाच उकरून काढलं."

"वेडी का काय! मी समजत होतो ती कपाटात आहे, आणि ती बसली होती माझ्यात."

दुर्बिणीने तपासल्यावर मामांच्या आतड्यात दोन कोंब सापडले, पुढे कॅन्सर होऊ शकणारे, तेही वेळीच. डॉक्टरांनी ते काढले. आता दरवर्षी तपासणी. मुलाला सांगायला मात्र त्यांना महिना लागला. ऐकून मुलानं ताट बाजूला सारलं.

"म्हणजे माझ्यातही असेल?"

"असेल किंवा नसेल," मामा म्हणाले. "उद्या सुट्टी काढ. मी येतो बरोबर."